शब्दचर्चा : न उडालेल्या बाराला काय म्हणायचं?

खानापूरकर : एनसीसीच्या पोरांसाठी नेमबाजीची मराठी टिपणं लिहायलोय. राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य आणल्यापासून पोरं लई विचारायलीत. पॉइंट टू-टू (.२२) रायफलीचा चाप ओढला, टक्क वाजलं, पण गोळी सुटलीच नाही, त्याला ‘मिसफायर’. एकानं ‘चुकलेला बार’ सुचवलं. पण बार चुकला म्हणजे आपल्यात नेम चुकला. गोळी सुटली तरच चुकणार की! मी ‘फुसका बार’ लिहिलंय. चालेल?

निपाणीकर : फुसकाच की ओ. दिवाळीत वात जळून गप बसणारा फटाका, तोच. शेजारचे कन्नड लोक त्याला ‘ठुस्स’ म्हणतात. (निपाणीत बार म्हटलं की आधी तंबाखूचा. तो मात्र कधी फुसका जात नाही.)

टिळकवाडीकर : खानापूरकर दादा, तेवढं लिहू नका. ‘फुसका’त दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात, आणि रेंजवर ते महागात पडतं.

पहिली, नुसती टक्क. नळी टारगेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, कारण एखादं काडतूस उशिरा पेट घेतं. मग बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडून काडतूस काढायचं आणि बुडाच्या कडेवर पिनची खूण बघायची. टू-टूचं काडतूस रिमफायर, म्हणजे कडेवर पिन आपटून उडणारं. त्याला मधोमध वेगळी टोपी नसते, पेटवणारा मसाला त्या पोकळ कडेतच आतून पसरलेला असतो. एखाद्या जागी मसाला पोचलाच नाही आणि पिन नेमकी तिथंच आपटली, की बार उडत नाही. म्हणून खूण चांगली उठली असेल तर काडतूस अर्धं फिरवून परत लावतात, बऱ्याचदा उडतं. खूण उथळ असेल तर बघा रायफलीकडे : थकलेली स्प्रिंग, झिजलेली पिन, बोल्टात गोठलेलं तेल. दुसऱ्यांदाही गप राहिलं तर काडतूस वेगळ्या डब्यात. खिशात नाही.

दुसरी, रोजच्यासारखा कडक आवाज न येता ‘बद्द’ वाजतं आणि कागदाला भोक पडत नाही. तेव्हा गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढची झाडली तर नळी फुगते, फाटतेसुद्धा. तिथं रायफल रिकामी करून नळी आरपार मोकळी आहे ना ते बघितल्याशिवाय काही नाही. माझ्या मते फुसका हा. आवाज झाला पण जोर नाही.

खानापूरकर : मग पहिल्याला काय? आमचे आजोबा ठासणीच्या बंदुकीला ‘बार सादळला’ म्हणायचे.

टिळकवाडीकर : ठासणीत सुटी दारू, त्यात तुमच्या खानापूरचा पाऊस, ती सादळणारच. टू-टूचं काडतूस मात्र बंद असतं, सहसा ओल धरत नाही. ‘सादळला’ लिहिलंत तर पोरं काडतुसं उन्हात वाळत घालतील!

निपाणीकर : ‘बार धरला नाही’ म्हणा. चुलीत ओलं लाकूड धरत नाही, तसं. आणि उशिरा उडणारा तो ‘रेंगाळलेला’.

खानापूरकर : ‘धरला नाही’ आवडलं. नाम करायला गेलं की ‘न धरलेलं काडतूस’, थोडं अवघडतंय खरं. पण ‘काडतूस’ तरी आपलं कुठं, पोर्तुगीजांकडून आलेलं. ते रुळलं, हेही रुळेल. मग असं लिहितो : टक्क आणि गप, तो ‘धरला नाही’. टक्क आणि मागून ठो, तो ‘रेंगाळला’. बद्द वाजला, तो ‘फुसका’. पोरं मात्र हात वर करून ‘मिसफायर, सर!’ असंच ओरडणार.

टिळकवाडीकर : ओरडू देत की. हाताबरोबर नळी वर येऊ नये म्हणजे झालं.