ओपन सोर्स एलएमएस: 'चार पोरं लावा आणि झालं'?

तारेवरची_कसरत
परवाच्या एका पोस्टीतलं वाक्य जसंच्या तसं: "मूडल फुकट आहे. शेवटच्या वर्षाची चार पोरं लावा, महिन्याभरात एलएमएस उभा. कॉलेजांनी एकत्र बिकत्र यायची गरजच काय?" तिथे उत्तर द्यायला गेलो तर कमेंटी बंद. म्हणून इथे. (एलएमएस म्हणजे अभ्यास, असाइनमेंट, परीक्षा ऑनलाइन चालवणारी सिस्टीम. मूडल त्यातलंच एक ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला.)

फुकट आहे ते लायसन. सकाळी ११ वाजता १२०० मुलं ५० प्रश्नांची क्विझ एकदम उघडतात तेव्हा मूडल प्रत्येक मुलाच्या प्रत्येक प्रश्नाची एक नोंद अटेम्प्टच्या टेबलात आणि एक स्टेपच्या टेबलात करतं. म्हणजे पेपर सुरू होतानाच १,२०,००० नोंदी, वर दर मिनिटाचा ऑटोसेव्ह. पीएचपीची (मूडल याच भाषेत लिहिलंय) एक प्रोसेस ५० ते १०० एमबी मेमरी खाते. १६ जीबीच्या मशीनवर डेटाबेसही तिथेच बसवला असेल तर शंभराच्या पुढे प्रोसेस गेल्या की स्वॅप (मेमरी पुरेना म्हणून डिस्क वापरणं) सुरू, आणि मग लॉगिनचं पानसुद्धा उघडत नाही. पोरं रिफ्रेश मारत बसतात, म्हणजे आगीत तेल.

उपाय सगळ्यांना माहीत आहेत. डेटाबेस वेगळ्या मशीनवर, सेशन (कोण लॉगिन आहे त्याची नोंद) फायलींऐवजी रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीतल्या वेगवान साठ्यात, क्रॉन (आपोआप चालणारी कामं) दर मिनिटाला, बॅचेस दहा-दहा मिनिटांच्या फरकाने. पण हे दर सेमिस्टरला कुणीतरी करावं लागतं, आणि ती चार पोरं मे महिन्यात डिग्री घेऊन पसार. जाताना थेट कोअरच्या, म्हणजे मूडलच्या मूळ कोडच्या फायलींत हात घालून गेलेली असतात, वर एका ओळीची कमेंट नाही. पुढच्या अपग्रेडला मर्ज कॉन्फ्लिक्ट येतात (त्यांचे बदल नव्या कोडशी भांडतात), कुणी हात लावायला धजत नाही आणि सर्व्हर वर्षानुवर्षं जुन्या आवृत्तीवर कुजतो.

आठ-दहा कॉलेजांनी मिळून तीन पगारी माणसं ठेवावीत. गिट रेपो (कोड आणि त्यातले बदल ठेवायची जागा) एकच. बदल फक्त प्लगिनमध्ये, म्हणजे वरून जोडायच्या भागात. कोअरमध्ये दोष सापडला तर पॅच (दुरुस्ती) मूडलच्या ट्रॅकरवर, जिथे दोष नोंदवतात तिथे, आपल्या सर्व्हरवर लपवून नाही.

एलवन_टेंडर
'आठ-दहा कॉलेजांनी मिळून' इथेच हसू आलं. माटुंग्यात भिंतीला भिंत लावून असलेली दोन कॉलेजं फेस्टिवलच्या तारखा जुळवत नाहीत, ती पगार वाटून देणार?

आणि हा प्रयोग जगात करून झालाय. साकाई, विद्यापीठांनी मिळून बांधलेला ओपन सोर्स एलएमएस. २००४. मिशिगन, इंडियाना, एमआयटी, स्टॅनफर्ड, वर मेलन फाउंडेशनचे पैसे. तुमच्या तीन माणसांच्या टीमला स्वप्नातही दिसणार नाही एवढं सगळं होतं. पुढे मिशिगन, इंडियाना, स्टॅनफर्ड तिघंही कॅनव्हासवर, कंपनीच्या एलएमएसवर गेली. सरळ विकत घ्या, एसएलए (सेवेची लेखी हमी) लिहून घ्या, पेपरच्या दिवशी कुणाला फोन करायचा ते ठरलेलं असतं.

कालिनावाला
अर्धीच गोष्ट सांगताय. साकाई अजून जिवंत आहे, आणि कॅनव्हासचा मूळ कोडही एजीपीएल या ओपन सोर्स लायसनखाली उघडाच आहे. ऑनलाइन कोर्सचं एडएक्स २०२१ साली ८० कोटी डॉलरला विकलं गेलं, तरी त्यामागच्या ओपन एडएक्सचा कोड बाहेरच राहिला. आपल्या पवईचं आयआयटीबॉम्बेएक्स त्याच कोडवर उभं आहे. तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत कोहा (ग्रंथालयाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) असेल तर तेही ग्रंथालयांनीच पैसे टाकून वाढवलेलं आहे, २००० सालापासून.

विकत घेणाऱ्यांनी एवढं तरी करावं. मूडलचं लायसन जीपीएल आहे. व्हेंडरने त्यात बदल करून ते स्वतःच्याच सर्व्हरवर चालवलं तर बदललेला कोड तुम्हाला द्यायला तो बांधील नाही. (ओपन एडएक्स एजीपीएल, तिथे नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मागता येतो.) म्हणून टेंडरमध्येच लिहा: कोड गिटच्या इतिहासासकट, डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि मूडलडेटा फोल्डर (अपलोड झालेल्या फायली), दोन्ही एकाच वेळी घेतलेले. मूडल फायली हॅशच्या, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या लांबलचक कोडच्या नावाने ठेवतं, एक्स्टेन्शन नाही, काही नाही. कुठला हॅश म्हणजे कुणाची असाइनमेंट हे फक्त डेटाबेसला ठाऊक. नुसता डंप मिळाला तर नावं आहेत पण फायली नाहीत, नुसतं फोल्डर मिळालं तर उलट.

ऱ्हस्वदीर्घ
सर्व्हर, लायसन, टेंडर. बरं. मराठीत शॉर्ट आन्सर (टाइप केलेलं उत्तर मास्तरांच्या उत्तराशी जुळवणारा मूडलचा प्रश्नप्रकार) कुणी लावून बघितलंय का? उत्तर 'दुसऱ्या महायुद्धात'. मुलगी लिहिते 'दुसर्‍या महायुद्धात'. शून्य मार्क. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं, तुम्हाला आत्ता इथे दिसतंय तसंच. मास्तर म्हणतात स्पेलिंग चुकलं असेल. तुमच्या सामायिक रेपोत हे कुठे बसतं?

एलवन_टेंडर
झेडडब्ल्यूजे. अदृश्य जोडचिन्ह आहे, तुलना करण्याआधी काढून टाका. एका ओळीचं काम. याला तीन पगारी माणसं?

ऱ्हस्वदीर्घ
काढा की! आणि मग बघा काय उरतं. र, हलन्त (पाय मोडायची खूण), झेडडब्ल्यूजे, या. त्यातलं झेडडब्ल्यूजे काढलं की 'दुसर्या' होतं, रफार. ते 'दुसऱ्या'शी जुळत नाहीच, वर नवा घोळ. आचाऱ्यांना जेवण करायला सांगितलं, की आचार्यांना? दऱ्या पोहून गेला, की दर्या? मराठीत ही दोन वेगळी अक्षरं आहेत, साहेब. हे 'एका ओळीचं काम' म्हणणाऱ्यांनीच मराठी फॉर्मची वाट लावली आहे.

एलवन_टेंडर
तुमच्या आचाऱ्यांसाठी सगळं विद्यापीठ थांबवायचं का? एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या कोडांनी लिहिलं तर एकसारखं करणं) लावा, त्यासाठीच असतं ते.

तारेवरची_कसरत
लावलेलंच आहे. शॉर्ट आन्सर तुलना करण्याआधी एनएफसी करतं. र खाली नुक्ता (टिंब) दिलेला असेल तर त्याने तो ऱ होतो, पण झेडडब्ल्यूजेला एनएफसी हातही लावत नाही. योग्य नियम असा: 'र, हलन्त, २००डी' (झेडडब्ल्यूजेचा युनिकोड नंबर) हा क्रम सापडला की त्याजागी 'ऱ (०९३१), हलन्त' ठेवायचं. मुलाच्या उत्तरावरही आणि मास्तरांच्या उत्तरावरही. एकाच बाजूला लावलं की पुन्हा शून्य.

तोवर प्रश्नातच दोन उत्तरं द्या, दोन्हींना १०० टक्के. नाहीतर 'दुस*या महायुद्धात' असं तारांकन टाका (तिथे काहीही चालतं), फक्त ते 'दुसरीकडच्या महायुद्धात'लाही मार्क देईल.

कालिनावाला
आणि मराठी सर्टिफिकेट? मूडलमधलं पीडीएफ टीसीपीडीएफ नावाचं सॉफ्टवेअर बनवतं, त्याला देवनागरीची जुळणी येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात. 'क्षितिज'ची पार दैना. फॉन्ट बदलून काडीचा फरक पडत नाही, दोष फॉन्टचा नाहीच. एचटीएमएलमध्ये मांडून हेडलेस क्रोमियमकडून (खिडकी न उघडता चालणारा ब्राउझर) पीडीएफ काढायचं. प्रत्येक कॉलेज फॉन्टवर एक आठवडा घालवतं आणि मग नावं इंग्रजीत छापतं.

एलवन_टेंडर
ठीक आहे, बाबांनो, मान्य. कुठल्याही कंपनीच्या एसएलएमध्ये 'रफार' हा शब्द नसतो. पण तुमचा पॅच मूडलवाले घेतील का? एका भाषेच्या एका अक्षरासाठी? सहा महिने ट्रॅकरवर धूळ खात पडेल.

तारेवरची_कसरत
पडू शकतो. म्हणून दोन्ही करायचं. शॉर्ट आन्सरवरून वेगळा क्वेश्चन टाइप प्लगिन, त्यात फक्त तुलनेचा भाग बदललेला, कोअरला धक्का नाही. आणि ट्रॅकरवर इश्यू: मेन (पुढची, घडत असलेली) आणि चालू स्टेबल आवृत्त्यांसाठी वेगळ्या ब्रँच, सोबत पीएचपीयुनिट टेस्ट (आपोआप चालणारी तपासणी) आणि हाताने तपासायच्या पायऱ्या. टेस्ट नसेल तर पॅच पीअर रिव्ह्यूमध्येच (दुसऱ्या डेव्हलपरच्या तपासणीत) परत येतो, तिथे मराठी-इंग्रजी भेदभाव नाही.

ऱ्हस्वदीर्घ
टेस्टसाठी शब्द माझ्याकडून घ्या: दुसऱ्या, वाऱ्यावर, कऱ्हाड, तऱ्हा, दोन्ही पद्धतींनी टाइप केलेले, हे जुळलेच पाहिजेत. आणि दर्या–दऱ्या, आचार्यांना–आचाऱ्यांना, हे जुळता कामा नयेत.

एलवन_टेंडर
'सुऱ्या' आणि 'सूर्या' पण टाका. तिथे उकारही वेगळा आहे, म्हणजे जुळलंच तर घोळ दुसरीकडे आहे हे कळेल. आणि नाही, मी एकत्र येण्याच्या बाजूचा झालेलो नाही.