ब्लॅकजॅकमधला ‘अर्धा टक्का’ नेमका कशावर?

मूळ धागा

‘ब्लॅकजॅकमध्ये हाऊस एज जेमतेम अर्धा टक्का, दहा हजार नेले तर पन्नास रुपये जाणार’ हे वाक्य पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर जाऊन आलेल्या मित्रांकडून मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यातली चूक दाखवणे मला आवश्यक वाटते. हाऊस एज म्हणजे कॅसिनोचा सरासरी फायदा, आणि हा टक्का खिशातल्या रकमेवर नसून प्रत्येक डावाला लावलेल्या पैशांवर असतो. हजार रुपयांचा एक डाव, तासाला साठ डाव आणि चार तासांची बैठक धरली, तर उलाढाल २,४०,००० रुपयांची होते आणि सरासरी तोटा १,२०० रुपये येतो. एखाद्या रात्रीची प्रत्यक्ष चढउतार तर याच्या कितीतरी पट असते.

या फायद्याचे मूळ खेळाच्या क्रमातच आहे. ब्लॅकजॅकमध्ये २१ न ओलांडता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, पत्त्यांची मोठी बेरीज करायची असते. खेळाडूला आधी पत्ते घ्यावे लागतात. बेरीज २१ च्या पुढे गेली की त्याच्या चिप्स तत्क्षणी उचलल्या जातात, आणि मागाहून डीलरही २१ ओलांडून गेला तरी त्या परत मिळत नाहीत.

प्रतिसाद १

हिशेब बरोबर आहे, पण ‘अर्धा टक्का’ म्हणणे फसवे आहे हा त्यातून निघणारा सूर मला पटत नाही. दोन शून्यांच्या रुलेटमध्ये (फिरत्या चाकावरच्या जुगारात) हाच टक्का ५.२६ आहे. ब्लॅकजॅकमध्ये निदान अभ्यासाला किंमत आहे: १९५६ मध्ये चार अमेरिकी गणितज्ञांनी मूळ व्यूहरचना (कधी पत्ता घ्यायचा, कधी थांबायचे याचे नियम) प्रसिद्ध केली आणि ती आज कोणीही पाठ करू शकतो. डीलरसमोर दहा असताना हातात सोळा आले, तर भीतीने थांबण्यापेक्षा पत्ता घेतल्याने तोटा किंचित घटतो. एवढे शिकून बसणारा माणूस तासाला तीनशे रुपये करमणुकीचे मोजतो, यात फसवणूक कुठे आहे?

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

तो अर्धा टक्का व्यूहरचना अचूक पाळली आणि ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहा किमतीचा पत्ता येऊन २१ होण्याला) ३:२ दराने पैसे मिळाले, तरच लागू होतो. टेबलावरच्या हिरव्या कापडावर ६:५ छापलेले असेल, तर हजारावर १,५०० ऐवजी १,२०० मिळतात. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो, म्हणजे तीनशेचा हा फरक प्रत्येक डावामागे सुमारे चौदा रुपयांचा पडतो आणि वरचा १,२०० चा तोटा साडेचार हजारांच्या आसपास जातो. डीलरचा एक्का दिसल्यावर पुढे केला जाणारा इन्शुरन्स (डीलरला ब्लॅकजॅक येईल यावरची पैज) तर याहून महाग आहे. त्या वेगळ्या पैजेवर सात टक्क्यांहून अधिक कापले जातात. या गोष्टी न सांगता नवख्याला ‘अर्धा टक्का’ ऐकवणे मला गैर वाटते.

प्रतिसाद ३

पत्ते मोजून (कोणते पत्ते खेळून गेले याचा हिशेब मनात ठेवून) कॅसिनोचा हा फायदा उलटवता येतो, हे अमेरिकी गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ मध्येच दाखवले होते. मात्र वापरलेले पत्ते लगेच पुन्हा मिसळणारे यंत्र टेबलावर असेल, तर ती मोजणी निरुपयोगी ठरते.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ चे लेखक)

६:५ चा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. अशा टेबलावर बसूच नये. तथापि ३:२ चे टेबल निवडून आणि इन्शुरन्स नाकारून, हरायची रक्कम आधीच ठरवून खेळणाऱ्याला फसलेला म्हणता येणार नाही, हे माझे म्हणणे कायम आहे.