वडिलांच्या कॉर्डरॉयच्या पँटींची गोधडी: चौकोन जुळत नाहीयेत

द्राक्षमळा
नमस्कार मंडळी. आम्ही निफाडचे. वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांच्या पाच कॉर्डरॉयच्या पँटी कपाटात आहेत. दोन चॉकलेटी, एक मेंदी, एक बदामी, एक गर्द निळी. थंडीत पारा घसरला की बागेत पहाटेपर्यंत शेकोट्या पेटत्या ठेवायच्या, पाणी द्यायचं, नाहीतर द्राक्षाचे मणी तडकतात. त्या रात्री ते याच पँटी घालत. गुडघे टेकून शेकोटी फुंकायची सवय, त्यामुळे पाचही पँटींचे गुडघे झिजून लव (कापडावरचे मऊ उभे तंतू) पार गेलीय.

भाऊ यंदा बाग सांभाळतोय. त्याच्यासाठी गोधडी करायला घेतली आहे, चार बाय साडेपाच फूट. शिवून सहा इंची राहतील असे 88 चौकोन लागतील. तीस कापले, बारा जोडले आणि अडकले. एकाच चॉकलेटी पँटीचे चौकोन शेजारी ठेवले तर एक काळपट, एक फिका दिसतो. शिवताना वरचं कापड सरकतं आणि शेवटी पाव इंच फरक पडतो. मशीन आईचं जुनं, पायाचं. कापसाची गादी आत घालू का? आणि गुडघ्यांचं काय करू? ते टाकून द्यायला हात धजत नाही.

जुना कात्रीवाला
ताई, चाळीस वर्षं पँटी शिवल्या, म्हणून सांगतो. रंग बिघडलेला नाही, लव उलटसुलट झालीय. तळहात फिरवून बघा. एका दिशेला गुळगुळीत लागेल, दुसऱ्या दिशेला खरखरीत. लव वर जाणारी ठेवली तर रंग गडद दिसतो, खाली जाणारी ठेवली तर फिका. उरलेले चौकोन कापण्याआधी पँटीच्या उलट्या बाजूला खडूने बाण मारा, मगच कात्री लावा.

सरकण्याचं कारणही लवच. सुलट्या बाजू समोरासमोर आल्या की लव लवेत अडकते. खालचं कापड मशीनचे दाते ओढून नेतात, वरचं फुटाखाली, म्हणजे कापड दाबणाऱ्या पट्टीखाली, पुढे ढकललं जातं. नुसत्या टाचण्यांनी भागणार नाही. आधी हाताने कच्चा दोरा घाला. मशीनच्या डोक्यावरचा दाबाचा स्क्रू एक-दोन आटे ढिला करा, सुई 16 नंबरची लावा, टाका मोठा ठेवा, इंचाला आठ. शिवणीबाहेर मार्जिन अर्धा इंच सोडा, हे कापड कडेला फार सुटतं. आणि दर दहा-बारा चौकोनांनंतर बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) काढून ब्रशने झाडा. आत लवेचा भुसा साठतो, मग लोक म्हणतात मशीन टाके सोडतंय.

वाकळवाली
अगं पोरी, कापूस अजिबात घालू नकोस. ओली झाली की उचलणार नाही तुला. आतून आईचं जुनं सुती लुगडं एकपदरी घाल, बस. पाठीलाही मऊ सुतीच.

धावदोऱ्याचा हट्ट धरू नकोस. आमच्याकडे कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घालत मधोमध येतात, पण ते जुन्या साड्यांवर. इथे जोडाशी कापडाचे चार-पाच थर होतात, सुई मोडते, बोटं सोलतात. शिवाय टाका लवेत बुडतो, दिसतच नाही. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यावर जाड सुती दोऱ्याने आरपार टाका घेऊन घट्ट गाठ मार. गाठ वरच्या बाजूला ठेव, छान दिसते.

गुडघे टाकायचे नाहीत. मागून सुती कापडाचं ठिगळ लाव आणि जिथं लव गेलीय तिथं जवळजवळ धावदोरा मार. तिथं कापड पातळ झालंय, सुई सहज जाईल.

मँचेस्टरकर
मी राहतो त्या मँचेस्टरच्या नावानेच जर्मनीत जाड कॉर्डरॉय ओळखतात. इथल्या आसपासच्या गावांत पूर्वी माणसं ताणलेल्या कापडाशेजारी चालत लांब सुरीने लवेची एकेक रांग हाताने कापायची.

कामाचं एवढंच की पट्टी लावून एका इंचात किती उभ्या धारी आहेत ते मोजा. जाड कापडात आठ-दहा असतात, बारीक कापडात सोळाच्या वर. फार जाड आणि फार बारीक शेजारी आलं की जाड कापड बारकाला ओढतं, चुण्या पडतात. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल अंथरून. जोड एका बाजूला न दुमडता उघडून दाबा.

द्राक्षमळा
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, बारा चौकोन उसवले. दाबाचा स्क्रू दीड आटा सैल केला, कच्चा दोरा घातला, आणि काल सलग आठ चौकोनांची ओळ कोपऱ्याला कोपरा लागून आली. उलटे कापलेले फेकले नाहीत. एक गडद, एक फिका असे मुद्दामच लावतेय.

धारी मोजल्या. चॉकलेटी, मेंदी आणि बदामीत आठ-नऊ, निळीत सतरा. निळी आता फक्त कडेच्या पट्टीला.

काकू, आईने स्वतःहून फिक्या जांभळ्या रंगाचं लुगडं काढून दिलं. गुडघ्याचे दहा तुकडे निघाले. एका मेंदी तुकड्यावर ठिणगीने पडलेलं ज्वारीच्या दाण्याएवढं भोक आहे. त्याला ठिगळ लावायचं नाही, नुसती कड शिवायची, असं आई म्हणते. तो तुकडा भावाच्या उशाच्या बाजूला येईल. एकच विचारायचं राहिलं, एवढ्याशा भोकाची कड काज्याच्या टाक्याने शिवली तर धुण्यात टिकेल का?

वाकळवाली
टिकेल. दोरा दुहेरी घे, आणि आधी भोकाभोवती बारीक धावदोऱ्याचा एक फेरा मारून घे, म्हणजे ते वाढणार नाही.