शिलाई मशीन घ्यायचंय: लुधियानाचं की जपानी?

निशिगंध (सातारा)
नमस्कार. घरी ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवते. आईचं काळं पायमशीन आता टाके सोडतंय, नवीन घ्यायचंय. सासरे म्हणतात, पैसा देशात राहू दे, लुधियानाचं घे. भाऊ म्हणतो, जपानीच घे. चायनाचं नको, यावर मात्र दोघांचं एकमत. मी नेमकं काय बघू?

देवळेकर
सासरे योग्य बोलतायत. लुधियानात कितीतरी घरं या धंद्यावर चालतात. आपणच घेतलं नाही तर कोण घेणार?

सुईदोरा
निशिगंधताई, मी इचलकरंजीत शिवणक्लास चालवते. मुली मशीन घ्यायला मला बरोबर नेतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या आज्या ज्या सिंगरला अमेरिकन समजायच्या, त्यातली पुष्कळ मशीनं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला बनलेली. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला, मशीनं अजून चालतायत. जानोमे जपानी, पण तिचे कारखाने तैवान आणि थायलंडमध्येही आहेत. सुया बनवणाऱ्या जर्मन ग्रोझ-बेकर्टचा कारखाना चंडीगडला आहे. तेव्हा देशाचं नाव बाजूला ठेवा आणि समोरचं मशीन तपासा.

दोरा काढून हातचाक सावकाश फिरवा. मध्येच जड, मध्येच हलकं लागलं तर ते नको. सुईदांडा बोटांनी हलवून बघा. बाजूला खेळ असेल तर टाके सुटणारच. मग वर लाल आणि बॉबिनला पांढरा दोरा घालून टीप मारा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले तर वरचा दोरा जास्त ताणलाय, खाली लाल आले तर ढिला आहे. टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण कमीजास्त करायचा स्क्रू, फिरवल्यावर दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या मधोमध बसायला हवी. बसत नसेल तर सरळ उठा, चहा पाजला म्हणून भिडेखातर घेऊ नका.

कापड घरून न्या. दुकानातल्या कडक पांढऱ्या तुकड्यावर कुठलंही मशीन छान शिवतं. खरा कस लागतो बाहीच्या जोडावर, जिथे कापड, अस्तर आणि शिवणीची घडी एकावर एक येते. रेशमाला ११ नंबरची सुई, सुतीला १४, जीन्सला १६, या तिन्ही लावून बघा.

देवळेकरकाका, तुमची कळकळ मला पटते. पण निकृष्ट मशीन नुसतं देशी म्हणून खपलं, की शेजारच्या गाळ्यात चोख काम करणाऱ्या कारागिराचं गिऱ्हाईक तुटतं. आपण तपासून घेतलं तरच त्याच्या मेहनतीला भाव मिळतो. चायनाच्या मालालाही हीच परीक्षा लावा. पास झाला तर नाकारायचं कारण मला दिसत नाही.

आणि ताई, पैसे देण्याआधी तुमच्या मेकॅनिकला विचारा, बॉबिन केस, खालचा दोरा गुंफणारं शटल, कापड पुढे सरकवणारे दाते गावात मिळतात का. लग्नसराईत मशीन आठवडाभर बंद राहिलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

कात्रीवाला
एक भर घालतो. जर्मनीतल्या झोलिंगेनचे काही कारखानदार आपल्या सुऱ्या-कात्र्यांवर, त्याच मालासाठी नावाजलेल्या इंग्लंडच्या शेफिल्डचं नाव ठोकून विकत. ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं. 'मेड इन जर्मनी' म्हणजे हलका माल, असं गिऱ्हाइकाला कळावं हा हेतू. पुढे झोलिंगेनवाल्यांनी काम असं सुधारलं की त्याच शिक्क्यासाठी लोक जास्त पैसे मोजू लागले.

निशिगंध (सातारा)
मेकॅनिकशी बोलले. लुधियानाच्या काळ्या मशीनचे पार्ट त्याच्याकडे कायम असतात. जपानीचे मागवावे लागतात. पण पुढे शाळेच्या गणवेशांचं काम आलं तर?

सुईदोरा
मग आता काळंच घ्या, पण चाचणी करून. गणवेशाचं काम नक्की झालं की टेबलावरचं हायस्पीड मशीन बघू. त्याला सर्वो मोटर घ्या, ती पाय दाबला तरच फिरते. क्लच मोटर शिवण थांबली तरी फिरत राहते, वीज खाते आणि घरात सतत घरघर. त्याच्या सुया गोल दांड्याच्या, काळ्याच्या एका बाजूने चपट्या, तेव्हा डबे वेगळे ठेवा. त्या वेळी इथेच लिहा, मी यादी देते.