सभागृह बंद पाडणाऱ्याला घरी बसवायचं का?

नाशिकचा वकील
काल कोथरूडकरांनी लिहिलं की गोंधळाने काहीच मिळत नाही, सभागृह बंद पाडणाऱ्या आमदाराला वर्षभर घरी बसवा, भत्ते थांबवा, आपोआप सुधारतील. वाचून राहवलं नाही.

हे आपल्याकडे करून झालंय. 5 जुलै 2021. अधिवेशन अवघं दोन दिवसांचं. ओबीसी आरक्षणासाठी लागणाऱ्या आकडेवारीच्या (इम्पिरिकल डेटा) ठरावावरून गदारोळ झाला, तालिका अध्यक्ष (तात्पुरते अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलेले) भास्कर जाधवांशी गैरवर्तन केल्याचा ठपका आला आणि भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. 28 जानेवारी 2022 ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. त्या पक्षाला मी आयुष्यात मत दिलेलं नाही, तरी निकाल शंभर टक्के बरोबर होता. निलंबन चालू अधिवेशनापुरतंच. आमदाराला काढूनच टाकलं तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक तरी लागते. वर्षभर निलंबित ठेवलं तर मतदारसंघाला ना आमदार, ना निवडणूक. ही शिक्षा मतदाराला झाली. शिवाय काठावरच्या बहुमताचं सरकार याच वाटेने विरोधी बाकं रिकामी करू शकतं.

आणि गोंधळाने काहीच मिळत नाही हेही खोटं. मार्च 2017 मध्ये कर्जमाफीसाठी अर्थसंकल्पाच्या भाषणात गोंधळ घातला म्हणून काँग्रेस-राष्ट्रवादीचे 19 आमदार निलंबित झाले. जूनमध्ये त्याच सरकारने 34 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली.

कोथरूडकर
वकीलसाहेब, कोर्टाने मुदत चुकीची ठरवली, गोंधळाला प्रमाणपत्र दिलं नाही. नियमांत स्थगन प्रस्ताव आहे, लक्षवेधी आहे (तातडीच्या प्रश्नावर मंत्र्याला उत्तर द्यायला लावणारी सूचना), औचित्याचा मुद्दा आहे, नियम 293 ची चर्चा आहे. एवढं सगळं हाताशी असताना वेलमध्ये (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) उतरून कागद फाडायचे आणि राजदंड उचलायचा? माझ्या मुलीच्या शाळेची सहल विधानभवन बघायला गेली होती. मुलं गॅलरीत बसली आणि दहा मिनिटांत कामकाज तहकूब. घरी येऊन तिने विचारलं, "बाबा, त्यांना कोणी रागवत नाही का?" काय सांगायचं होतं मी तिला?

पुणतांब्याची सून
थांबा जरा. 2017 ची कर्जमाफी आमदारांच्या गोंधळाने आली? 1 जूनला शेतकऱ्यांचा संप आमच्या गावातून सुरू झाला. सासऱ्यांनी दूध डेअरीला घातलं नाही. दोन म्हशींचं दूध, दुसरं उत्पन्न नव्हतं. ते 19 जण निलंबित झाले तेव्हा सरकार हललं नव्हतं. शहरांत भाजी आणि दूध पोचेना तेव्हा हललं. आमचं श्रेय त्यांना वाटू नका.

नाशिकचा वकील
ताई, मान्य. संप नसता तर जूनमध्ये कर्जमाफी झाली नसती. पण मार्चमध्ये तो विषय रोज पहिल्या पानावर कोणी ठेवला होता, याचाही विचार करा.

पुणतांब्याची सून
पहिल्या पानावर निलंबन होतं, कर्ज नव्हतं.

यवतमाळचा मास्तर
मी विनाअनुदानित शाळेवर अकरा वर्षं बिनपगारी शिकवलं. एका डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी आम्ही आंदोलनासाठी नागपुरात उघड्यावर नऊ रात्री काढल्या. आमची लक्षवेधी शेवटच्या दिवशी यादीत होती, तिसऱ्या नंबरवर. सकाळपासून भलत्याच विषयावर घोषणा, तीनदा तहकुबी, मग दिवसभरासाठी तहकूब. ज्या आमदाराने ती मांडली होती, तोच वेलमध्ये उभा होता भाऊ! संध्याकाळी मंडपात येऊन म्हणाला, पक्षाचा आदेश होता. माझी बायको तेव्हा बाळंत व्हायची होती.

आणि मुळात नागपूरचं अधिवेशन राहिलंय किती? 2024 ला 16 ते 21 डिसेंबर, सहा दिवस! त्यातले दोन गोंधळात गेले तर आमच्या वाट्याला काय येते? 1953 च्या नागपूर करारात दरवर्षी एक अधिवेशन नागपूरला घेण्याचा शब्द दिला म्हणून आम्ही या राज्यात आलो.

कोथरूडकर
मास्तर, तुमचं दुःख खरं आहे. पण सहा दिवसांसाठी अख्खं मंत्रालय नागपूरला हलवायचं, हा खर्च कोणी विचारत नाही. मुंबईतच पूर्ण महिना चालवा की.

यवतमाळचा मास्तर
खर्च आत्ताच आठवला? 2020 आणि 2021 ला कोरोनाच्या नावाखाली हिवाळी अधिवेशन मुंबईतच घेतलं. तेव्हा विदर्भाचा मोर्चा कुठे जाणार होता? यवतमाळहून मुंबईचं तिकीट कोण देणार? तुमच्यासाठी ती सहल आहे, आमच्यासाठी वर्षातून एकदा उघडणारी खिडकी आहे.

कोथरूडकर
सहल मुलीच्या शाळेची होती. शब्द फिरवू नका.

नाशिकचा वकील
दोघंही जरा दमानं घ्या. विषय नागपूरचा नाही.

यवतमाळचा मास्तर
आमचा विषय नेहमीच "विषय नाही" असतो साहेब.

निवृत्त कक्ष अधिकारी
एकतीस वर्षं मंत्रालयात काढली, म्हणून लिहितो. अधिवेशनात आम्ही रात्री दोन-दोनपर्यंत उत्तरं तयार करायचो. तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नाचं लेखी उत्तर गोंधळ झाला तरी पटलावर येतं. मंत्र्याला भीती असते ती उपप्रश्नांची, म्हणजे त्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारलेल्या प्रश्नांची. प्रश्नोत्तराचा तास बुडाला की उपप्रश्न बुडाले. सभागृह तहकूब झाल्याची बातमी आली की आमच्या विभागात सुटकेचा नि:श्वास पडायचा. मीही तो टाकलाय, आज त्याची लाज वाटते. पुरवणी मागण्या (जादा खर्चाची मंजुरी), विधेयकं, सगळं गोंधळात आवाजी मतदानाने पुढे सरकताना पाहिलंय. अडवलं कुणाला? सरकारला नाही.

जुलै 2025 चं जनसुरक्षा विधेयक घ्या, कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईसाठी आणलेलं. संयुक्त समितीकडे 12 हजारांवर सूचना आल्या. बाहेर एवढा विरोध, पण विधानसभेत ठाम विरोध केला माकपच्या एकट्या विनोद निकोलेंनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. पोल मागून प्रत्येकाचं मत नोंदवून घ्यायला हवं होतं. सभात्यागाने कुणाचंच मत नोंदलं जात नाही, पुढच्या निवडणुकीत जाब कुणाला विचारणार?

नाशिकचा वकील
काका, उपप्रश्नांचा मुद्दा मला सुचला नव्हता, तो मी घेतो. पण थांबून पोल मागायला विरोधकांना आत तर राहू द्या. डिसेंबर 2023 मध्ये संसदेत सुरक्षा भेदली गेली, त्यावर गृहमंत्र्यांचं निवेदन मागितलं म्हणून दोन्ही सभागृहांतले 146 खासदार बाहेर, आणि त्याच अधिवेशनात जुन्यांच्या जागी आलेले तिन्ही नवे फौजदारी कायदे मंजूर. मी रोज त्याच कायद्यांखाली जामिनाचे अर्ज लिहितो. कलमागणिक चर्चा झाली असती तर अर्ध्या अडचणी तिथेच निघाल्या असत्या.

कोथरूडकर
ठीक आहे, वर्षभराचं निलंबन मागे घेतो. भत्त्याचं नाही. ज्या दिवशी सभागृह चाललं नाही त्या दिवसाचा भत्ता कुणालाच नको, मंत्र्यांनाही नको.

यवतमाळचा मास्तर
मंत्र्यांना धरलं, आता पटलं. पण बुडालेल्या लक्षवेध्या पुढच्या अधिवेशनात पहिल्या दिवशी, पहिल्या नंबरवर घ्या, हेही त्यात लिहा. मुलगी आता चौथीत आहे. तिच्या जन्मानंतर पाच महिन्यांनी आम्हाला 20 टक्के अनुदान मिळालं. ती लक्षवेधी मात्र परत कधी यादीत आली नाही.