मदत हवी आहे: जाड पेशंटला श्वासाची ट्यूब घालताना खांद्याखाली काय ठेवता?

मंडळी, मी खानापूर तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यात भूल देते. पुढच्या आठवड्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनला एक मावशी आहेत. वजन शंभरीच्या पुढे, मान आखूड, छाती भारी. अशांना सपाट झोपवून नुसती उशी दिली की लॅरिंगोस्कोपची (ट्यूब घालताना घशात बघायच्या उपकरणाची) मूठ छातीला अडते, आणि भूल चढल्यावर ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. म्हणून पाठीपासून डोक्यापर्यंत रॅम्प (चढता उतार) करायचा, कानाचं भोक आणि छातीच्या हाडावरची खाच एका आडव्या रेषेत येईपर्यंत. टेबल डोक्याकडून 25 अंश उचलून आधी ऑक्सिजन दिला की हाताशी वेळही जास्त राहतो. हे सगळं पटलेलंच आहे.

अडचण रॅम्पसाठी घड्या घालून रचलेल्या चादरींची आहे. वजनाने घड्या दबतात, रेषा बघेपर्यंत खांदे खाली सरकलेले असतात. ट्यूब गेल्यावर त्या काढायच्या तर चार माणसं हवीत, आमच्याकडे दोन सिस्टर.

बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापुरात कुणी कडक फोमचा रॅम्प करून घेतलाय का? उंची किती ठेवलीत, रेक्झिन घसरत नाही ना? की टेबलाची पाठच उचलून भागतं? कृपया स्वतः वापरलेलंच सांगा.