'कारण', 'कारणं' आणि 'सबब': स्पर्धेनंतर खेळाडू जे सांगतो त्याला काय म्हणावं?

गोदाकाठ:
नाशिकला शाळकरी मुलामुलींना पळायला शिकवतो. प्रत्येक स्पर्धेनंतर वहीत अंतर, वेळ, क्रमांक लिहून घेतो. शेवटचा रकाना 'कारण' असा आहे आणि घोळ तिथेच होतो. मुंबईच्या स्पर्धेत धावून आलेल्या एका मुलीनं लिहिलं, 'हवा दमट, बूट नवे, नंबरची पिन टोचत होती.' मी कारण विचारलं होतं, मिळाली कारणं. मराठीत हा अनुस्वार भलताच महाग आहे. 'कारण सांग' म्हटलं की चौकशी, 'कारणं सांगू नकोस' म्हटलं की कानउघाडणी. दुसरा शब्द सुचवा. 'स्पष्टीकरण' आणि 'खुलासा' नकोत, मेमो हातात पडल्यासारखं वाटतं.

जुना_कारकून:
'सबब'चंही असंच झालंय. शब्द मुळात अरबी, अर्थ साधा 'कारण'. सरकारी आदेशात त्याचा मान अजून शाबूत आहे: 'सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे', म्हणजे 'या कारणास्तव'. आयुष्यभर हे टाइप केलं. बोलण्यात मात्र 'सबबी सांगतो' म्हणजे पळवाट शोधतो. कारण सांगणाऱ्यावर आपण मराठी माणसं फारसा भरवसा ठेवत नाही, शब्दांवरून तरी तसंच दिसतं.

सातपूरकर:
नाम कशाला शोधताय सर, क्रियापदं ऐका. गोल्फ क्लबवर (अनंत कान्हेरे मैदान म्हटलं तर निम्म्या नाशिककरांना पत्ता लागायचा नाही) मॅच संपल्यावर जरा उभे राहा. 'मी दोन कॅच घेतले', पण 'एक हातून सुटला'. 'सोडला' हे बोलरचं क्रियापद. ज्यानं सोडला तो ते कधी वापरत नाही. चौका 'मारला', विकेट 'गेली'. जिंकलो तर मॅच 'काढली', हरलो तर तीही 'गेली'. आपलं काही जायचं असेल तर ते आपोआप जातं.

शब्दवेडी:
सातपूरकर, हे झकास. मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय. बर्नार्ड वायनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात यशापयशाची चार ठळक कारणं मांडली: कुवत, प्रयत्न, कामाची अवघडता आणि नशीब. मग प्रत्येक कारणाला प्रश्न विचारायचे. आतलं की बाहेरचं? टिकणारं की बदलणारं? नंतर त्यात तिसरा आला: आपल्या ताब्यातलं की नाही? मराठी पुस्तकांत या प्रकाराला 'गुणारोपण' म्हणतात. त्यात 'आरोप' ऐकू येतो, तेव्हा मुलांच्या वहीत नकोच.

सरांच्या कामाचा तिसरा प्रश्न. 'माझ्यात दमच नाही' आणि 'सुरुवातीलाच फार जोरात निघाले' ही दोन्ही आतलीच कारणं. पण पहिलं लिहिणारी मुलगी पुढच्या आठवड्यात सरावाला येईल का, मला शंका आहे. आणि सगळ्यात लबाड म्हणजे आपलं लाडकं 'कमी पडलो'. कशात? कुवतीत, तयारीत, की डोकं चालवण्यात? ऐकणाऱ्यानं हवं ते भरून घ्यावं.

जुना_कारकून:
नाचता येईना अंगण वाकडं! तुमच्या वायनरसाहेबांच्या कितीतरी आधीचं आहे हे.

शब्दवेडी:
हो काका, पण अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं. 1984, लॉस एंजेलिस, 400 मीटर अडथळा शर्यत. पी. टी. उषा यांचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. कारणं किती सांगितली गेली बघा. दुसऱ्या धावपटूनं चुकीची सुरुवात केल्यामुळे शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली आणि लय मोडली. शेवटच्या रेषेवर छाती पुढे झोकली नाही. आणि उषा यांनी स्वतः सांगितलेलं एक: तिथलं जेवण मानवेना, भाताची पेज आणि लोणचं खाऊन राहिल्यामुळे शेवटच्या टप्प्यात ताकद टिकली नाही. पेज ही सबब झाली का? मला नाही वाटत. कारण बाहेरचं आहे खरं, पण संघ पाठवणाऱ्यांच्या पूर्ण ताब्यातलं होतं.

मिल्खा सिंग यांचं बरोबर उलटं. 1960 ला रोममध्ये 400 मीटरला चौथे आले. पुढे ते सांगत राहिले की जोरात निघालो आणि 250 मीटरच्या आसपास वेग आवरला, तिथेच चुकलो. जागेसकट कारण!

त्र्यंबकची:
खेळाडूचं सोडा, बघणारे काय कारण लावतात त्यालाही शब्द हवा. कविता राऊत आमच्या तालुक्यातली, सावरपाड्याची. 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझ. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. इकडे लगेच ठरून गेलं, 'डोंगर चढून पाणी आणायची ना, म्हणून पळते.' अहो, डोंगर चढून पाणी आणणाऱ्या पोरी आमच्याकडे पाड्यापाड्यावर आहेत! नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं केलेला सराव कुणाच्या वाक्यात येतच नाही. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव छान आहे, पण त्यातही पाडाच आहे, सराव नाही.

गोदाकाठ:
नेमका शब्द काही मिळाला नाही, पण रकान्याचं काम झालं. 'कारण' खोडून 'कुठे काय केलं' लिहितोय, मिल्खा सिंगांच्या 250 मीटरवरून. हवा, बूट आणि पेज यांच्यासाठी शेजारी 'काय झालं' असा वेगळा रकाना. सातपूरकर, 'सुटला' कुठल्या रकान्यात येतो ते तपासायला तुम्हालाच बोलावणार.

सातपूरकर:
येतो की. पण जिंकलेल्यांकडूनही भरून घ्या. जिंकलेल्याला कारण कोण विचारतंय?

गोदाकाठ:
त्यांची जुनी पानं आताच उघडून बसलोय. जवळजवळ सगळीकडे एकच ओळ, 'सरांच्या मार्गदर्शनामुळे'. सत्काराची भाषा पोरांना शाळेतच पाठ होते. सगळ्यांना पुन्हा लिहायला लावतो, सर सोडून.